खिडकीपुढचा कठडा

सासूबाई,

तुमची स्वयंपाकघरातली खिडकी बुडाली होती, ती वर काढली. एवढंच सांगायला बसलेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि माझं लिहिणं चौथीपुरतं, तेव्हा हा कागद तसा कुणाच्याच कामाचा नाही. पण मुलाला सांगायला गेले तर तो मोबाईलमधून मान वर काढत नाही, आणि त्या खिडकीशी तुमच्यामाझ्याशिवाय कुणाचं काही देणंघेणंही नव्हतं.

कळव्यातलं आपलं घर आहे तिथंच आहे, रस्ता तेवढा वर गेला. तुमच्या वेळी दोन पायऱ्या चढून आत यायचो. मग गल्लीत डबर पडलं, मग डांबर, मग डांबरावर डांबर, कारण जुनं खरवडायचं कुणाच्या मनातच येत नाही. आता काँक्रीट झालंय आणि आपण दोन पायऱ्या उतरून घरात जातो. पाहुणा दारात अडखळला की मी म्हणते, या, आमच्याकडे वाकूनच यायची पद्धत आहे. पाणी भिंतीला टेकून राहायला लागलं म्हणून मुलानं घराभोवती मुरूम टाकून घेतला, भिंतीकडून गटाराकडे उतार काढला. उतार चांगला झाला, नावं ठेवणार नाही. पण त्या भरावात तुमची खिडकी अर्धी गेली. आधीच ती मेली घरातल्या जमिनीपासून वीतभर वर.

ती एवढी खाली का ठेवली, ते मी लग्न होऊन आले तेव्हा मला कळलंच नाही. मला वाटलं, सासऱ्यांचं माप चुकलं असेल. तुम्ही पाटावर बसलेल्या, पुढ्यात वातीचा स्टोव्ह, उजव्या हाताला खिडकी. हात आमटी ढवळतोय आणि डोळे गल्लीत. माझ्या डोंबिवलीच्या माहेरी ओटा होता आणि त्याचा मला भारी तोरा. पहिल्याच सकाळी मी तुमचा स्टोव्ह उचलून ट्रंकेवर ठेवला आणि उभी राहून भाकऱ्या थापायला लागले. तुम्ही दारातून बघितलंत, पदर खोचलात आणि म्हणालात, "उभ्यानं स्वयंपाक करतेस, गाडी सुटतेय का तुझी?" तुमचा लेक हसला. माझी भाकरी करपली. तेव्हाच मी ठरवलं, या घरात ओटा होणार. झाला, पण तोवर माझी दोन बाळंतपणं झाली होती.

ओटा झाला त्या दिवशी तुम्ही भांडाल म्हणून मी कंबर कसून तयार होते. तुम्ही सरळ पाट उचललात, खिडकीशी टाकलात आणि मेथी निवडायला बसलात. तिथून उठलात त्या जवळजवळ हे जग सोडतानाच. मी ओट्याशी उभी, तुम्ही खाली बसलेल्या, आणि तुमचं चालू. समोरचीचा चेहरा उतरलाय गं. अमकीच्या डोळ्याखाली काळं आलंय. तो बघ, खोटं हसतोय, नोकरीचं काही खरं दिसत नाही त्याचं. मी ओट्यावरून वाकून बघायची तर मला नुसत्या चपला. चपला आणि साडीचे काठ. मला वाटायचं, म्हातारी बसल्या बसल्या मनानं रचते. मग तुम्ही वाटीत गरम आमटी घालायच्या, गजांतून हात बाहेर काढायच्या आणि हाक मारायच्या, "समोरचे, इकडे ये. चव बघ." ती यायची. आमटी प्यायची, डोळे पुसायची, वाटी परत द्यायची आणि जायची. तुमचं बरोबर निघायचं तेव्हा मी म्हणायचे, लागला असेल नेम.

गल्लीत डबर पडलं तेव्हा माती खिडकीपर्यंत आली. तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. कुणाच्या तरी बांधकामातल्या उरलेल्या विटा पदरात घालून आणल्यात आणि खिडकीपुढे अर्धचंद्रासारखा कठडा रचलात, मध्ये हातभर जागा सोडून. तळाला फुटकी कौलं आणि खडी, म्हणजे पाणी पडलं तरी मुरेल. माझा मुलगा तेव्हा लहान, तो त्याला आजीची विहीर म्हणायचा. त्यात तुमचं अळूही आलं, न लावता. त्या अळूच्या वड्या तुम्ही नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला गेलात की डब्यात घालून न्यायच्या आणि रांगेत कुणाकुणाला वाटून यायच्या.

तर यंदाच्या भरावानं तो कठडा मातीच्या बरोबरीला आला. एका रविवारी समोरची सून पाइप लावून स्कूटी धूत होती. समोरची सून म्हणजे तुमच्या त्या समोरचीची नातसून, बँकेत जाते, पायात नेहमी पांढरे बूट. सगळं पाणी उतारानं आपल्याकडे, आणि खिडकीतून थेट पिठाच्या डब्यात. मी बाहेर जाऊन तिला जे बोलायचं ते बोलले, जरा जास्तच बोलले. ती पाइप बंद करून आत गेली, आणि त्यानंतर मला बघितलं की बूट वळायचे.

मुलानं गवंडी आणला. दोघांनी खिडकीकडे अशी मान हलवली, जशी डॉक्टर हलवतात. मुलगा म्हणाला, "आई, विटा लावून बंद करून टाकू. पंखा आहे ना धूर ओढायला." गवंडी म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम. मी विचारलं, उजेड कोण ओढणार आत, तो पंखा? मुलगा म्हणाला, ट्यूबलाइट आहे. मी म्हटलं, मग दारही बंद कर, तिथंही लाव ट्यूबलाइट. तिसऱ्या दिवशी गवंडी विटा घेऊन आला आणि मी खिडकीत बसून राहिले, म्हणजे बाहेरच्या बाजूनं, तुमच्या कठड्यावर, पाय आत सोडून. अशा बाईला चिणून टाकता येत नाही, पोलीस येतात. शेवटी मुलगा म्हणाला, "तिला काय हवं ते कर बाबा."

मला काय हवं होतं, तर तुमच्याच कठड्यावर अजून चार थर. गवंड्यानं चढवले, बाहेरून गिलावा केला, तळाला सिमेंट ओतायला निघाला ते मी ओतू दिलं नाही. कौलं तशीच ठेवली. मग त्यानं तिथं बादलीभर पाणी ओतून बघितलं, मुरलं. आत थेंब नाही. मी ओट्याशी जाऊन ऐटीत उभी राहिले, तुमची खिडकी वाचवली म्हणून, आणि खाली बघते तर समोर नुसता गिलावा. चपलासुद्धा गेल्या. एवढं भांडून मी स्वतःसाठी एक भिंत बांधून घेतली होती. मुलानं येऊन ट्यूबलाइटचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी चौकटीवर सिमेंटचे शिंतोडे वाळले होते. ते खरवडायचे तर खाली बसायला हवं, आणि माझे गुडघे तुम्हाला ठाऊक नाहीत, तुमच्यानंतरचे आहेत ते. माळ्यावरून तुमचा पाट काढून घेतला, भिंतीला धरून कशीबशी टेकले, आणि खरवडता खरवडता मान वर केली. सासूबाई, चेहरे. कठड्याच्या वरून गल्लीतले सगळे चेहरे. दूधवाला, इस्त्रीवाला, शाळेची पोरं. रस्ता एवढा वर येऊनही बसलेल्या बाईला अजून चेहरे दिसतात. मी सगळी वर्षं रस्त्याला शिव्या घालत होते, आणि उभी मीच होते.

तेवढ्यात समोरची सून आली. तिच्या पांढऱ्या बुटांवरून मला कधी काही कळलं नसतं. चेहरा पार उतरलेला, ओठ आत ओढून धरलेले, दाराशी आली आणि किल्ली हातात धरून नुसती उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय गं, काय झालं?"

ती दचकली. इकडे तिकडे बघून मग वाकली. "आजी? तुम्हाला दिसतंय तिथून?"

"दिसतंय. ये, चहा टाकते. पण आधी मला उठव, मी अडकलेय."

दोन पायऱ्या उतरून ती आली. काय झालं होतं ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. स्कूटीचा विषय दोघींनीही काढला नाही. मला उठवताना ती रडत होती आणि हसतही होती, तोवर मुलगा आला आणि विचारायला लागला, खाली काय करत होतीस. मी म्हटलं, सिमेंट खरवडत होते.

तुमचा पाट एका बाजूनं झिजलाय, बसलं की डुगडुगतो. या कागदाच्या चार घड्या करून त्या बाजूच्या खालच्या पट्टीखाली सरकवणार आहे. तिथं तो कुणी उघडून बघायचं नाही, म्हणून लिहिते. आज मेथी खाली बसूनच निवडली. ओटा मोकळा होता.