आत असेल तेच राखतं

८ डिसेंबर, शुक्रवार

पोरीचे पाय पुन्हा गार. दोन मोजे चढवले, वरून माझा कानटोप ओढला, तरी गारच!

दिवस भरायच्या आधीच आली, मूठभर जीव. हिला बाळंतपणानंतर ताप चढला म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलं. पोरीला मात्र 'दूध पिते आहे, वॉर्डात जंतू फार, घरी न्या' म्हणून माझ्या हाती सोपवलं. माझ्या म्हणजे ताईच्या. मी हात लावत नाही. बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलून उचलून माझे हात बारा महिने गार. ही लग्नापासून चिडवते, "फ्रीज कशाला घ्यायचा, तुम्ही आहात की."

निघताना सिस्टर म्हणाली होती, "ऊब तुटू देऊ नका, अंगाशी धरा." अंगाशी म्हणजे आईच्या. आणि आई तिकडे. मी काय धरणार, कपाळ!

दवाखान्यात हिने काढून ठेवलेलं दूध आणायला गेलो तेव्हा हिने विचारलं, "हाताला कशी लागते हो?" बरी लागते म्हणालो. खोटं बोललो.

९ डिसेंबर, शनिवार

सकाळी खाटेच्या दांड्याला हात लागला. लोखंड — बर्फासारखं. शेजारच्या लाकडी स्टुलाला लावला, तो तेवढा गार नाही. दोघं एकाच खोलीत रात्रभर उभे! पण लोखंड अंगातली ऊब ओढून घेतं, लाकूड तेवढी घेत नाही. हे मला कुणी शिकवायला नको. लादी उघड्या पत्र्यावर टाकली की बघता बघता पाणी होते, भुशात पुरली की दिवस काढते. आणि माझी पोर लोखंडी खाटेवर, पातळ गादीवर! अक्कल कुठे गहाण टाकली होती?

गादीखाली पुठ्ठे घातले, रद्दी घातली, वर रजई. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या.

संध्याकाळी पाय गारच.

ताईने गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कुशीत ठेवली. थोडा वेळ बरं वाटलं. मग बाटलीच गार पडली आणि उलट पोरीची ऊब खाऊ लागली. काढून भिरकावली. ताई म्हणाली, "बाटलीवर कशाला चिडतोस?" मग कुणावर चिडू?

१० डिसेंबर, रविवार

कारखान्यातून थर्माकोलचा खोका आणला. कोरा आहे, पण ताईचा पारा चढला. "मासळीच्या खोक्यात पोर ठेवतोस? वेड लागलंय का तुला?"

लागलंय.

तळाला कापूस, बाजूंनी कापूस, वर लोकर, तोंड मोकळं. दुपारपर्यंत स्वतःवरच खूश होतो. एकदाचं डोकं चाललं म्हणायचं.

दुपारी ताईने चमच्याने दूध पाजलं, ते ओठांतून बाहेर आलं. रडलीही नाही. गळा काढून रडली असती तर मी पेढे वाटले असते. हिने आज विचारलं, "रडते का फार?" नाही म्हणालो. "गुणी आहे माझी," म्हणाली. तिथून जिना कसा उतरलो, मलाच ठाऊक.

देवा, आता घरात गुंडाळायला काही उरलेलं नाही.

११ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यात बसून लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, एकच हात मोकळा आहे.

सकाळी रजा मागायला कारखान्यात गेलो. मालक म्हणाले, "एवढी एक लादी काढून दे आणि जा." भुसा बाजूला केला, गोणपाट सोडलं. परवाची लादी. कोपरेसुद्धा झिजले नव्हते. बघत उभा राहिलो आणि घाम फुटला.

गोणपाट लादीला गार करत नाही. आतला गारवा बाहेर जाऊ देत नाही, इतकंच. कापूस काय, लोकर काय, थर्माकोल काय — कुणी ऊब देत नाही. आत असेल तेच राखतं. आणि पोरीच्या आत ऊब होतीच कुठे? मी तिला लादीसारखी बांधून ठेवली होती. गारच्या गार!

मालकांच्या टेबलावरून सिस्टरला फोन केला. काय बोललो आठवत नाही. ती म्हणाली, "काचेच्या पेट्या सगळ्या भरल्यात. अंगाशी धरा म्हटलं होतं ना?"

"आई तिकडे तापात आहे."

"तुम्हाला अंग नाही का?"

"माझे हात गार असतात, सिस्टर."

"हात राहू द्या. छाती आहे ना? उघड्या छातीवर घ्या, वरून शर्ट, त्यावर शाल, नाक मोकळं ठेवा आणि तसेच निघा. लगेच."

पळत घरी आलो. ताईने पोरीला उघडी करून माझ्या छातीवर ठेवली. ओल्या फडक्यासारखी गार. अंगावर काटा आला. रिक्षात सारखा तिच्या नाकाशी बोट नेत होतो.

डॉक्टरांनी तपासलं. नळीने दूध चालू केलं आहे. "असेच बसा, हलू नका," एवढंच म्हणाले. जगेल का, विचारलं. नळी पुन्हा तपासली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

१२ डिसेंबर, मंगळवार

बसलोच आहे. पाठ मोडली. तिचं डोकं माझ्या गळ्याखाली, हालचाल नाही. ती गार आहे की मीच तिच्यापायी गार पडलोय, तेही आता कळत नाही. जन्मभर दुसऱ्यांचा गारवा राखला. माझ्यात ऊब पुरेशी नसेल तर?

हिला कुणीतरी सांगितलंय. वरून निरोप आला — "त्यांना म्हणावं, सोडू नका."

१३ डिसेंबर, बुधवार

सकाळी पोरीने माझ्या छातीवर शू केली. गरम! पोटापर्यंत ओघळ गेला, मी पुसेना. सिस्टर ओरडली, "ओलं लगेच गार पडतं, पुसा आधी!"

पुसलं. पण गरम होती.