ईदच्या कार्डावरचं सोनं

लोणावळे,
ऑक्टोबर १९४७

प्रिय मेहरू,

तुझं पत्र आल्यापासून उशाशी आहे. तुझ्या युसूफने रेल्वेच्या नोकरीसाठी पाकिस्तान निवडल्याचं लिहून दिलंय, पण सहा महिन्यांत निवड बदलता येते, आणि तो म्हणतो, अरुमावशी सांगेल तसं करू. राहायचं की जायचं, एका शब्दात कळव, असं तू लिहिलंस. तो शब्द लिहिणार आहे. आधी मुलांचं सांगते, तेवढं मला नीट सांगता येतं.

तू नातीला घेऊन देहूरोडला भावाकडे गेलीस, पण माझ्या ओसरीवरच्या वर्गात नूरीच्या जागेवर अजून कुणी बसत नाही. मुलांनी यंदाही बकरी ईदची कार्डं केली. मागच्या वर्षी चंद्रिकेने बारीक कोर काढली म्हणून तू तिला कसं झापलं होतंस, आठवतं? "अगं, ती रमजान ईदची. बकरी ईदचा चंद्र दहाव्या दिवसाचा, चांगला पोट सुटलेला, तुमच्या बाईंसारखा." महिनाभर पोरं माझ्याकडे बघून हसत होती. यंदा सगळ्यांनी आठवणीने पोटाळ चंद्र काढलाय. आणि ईद दसऱ्याला लागूनच आली, म्हणून कुरवंड्याहून येणाऱ्या मारुतीने आपट्याची पानं आणून चंद्राखाली चिकटवली. ईदच्या कार्डावर सोनं कुठे असतं, असं मी म्हणणार होते. तो म्हणाला, "चांद येकच हाय न्हवं बाई, मग सोनं बी चालंल." मला नाही म्हणायला कारण सापडेना. खळ इतकी लावलीय की पानं वाळताना कागद आकसणार. तेही सांगितलं. तर चंद्रिका म्हणते, नूरी आली की नवी लावू.

त्यांना रंगवताना बघून आपलं कॉन्व्हेंट आठवलं. वर्ग नाताळची कार्डं करत होता आणि तू तारा खोडून चंद्र काढलास, बाकाखालून माझ्या हातात दिलास. सिस्टरने पाहिलं. आता शिक्षा, म्हणून आपण दोघी गारठलो होतो. ती एवढंच म्हणाली, रंगात पाणी कमी घाल. तेव्हा वाटलं होतं, मोठी माणसं अशीच असतात.

झुंबरबाई भांडी घासता घासता रोज मला टोचते. "तुमी त्यास्नी ऱ्हावा म्हना की बाई. येवढं काय हाय त्यात?" मलाही तसंच वाटलं. म्हणून घरोघर गेले. चार माणसांनी तुला लिहावं, आम्ही आहोत, जाऊ नका, एवढंच मागत होते. सगळ्यांनी बसवून घेतलं, चहा दिला. तुझ्याविषयी वाकडा शब्द कुणी काढला नाही. उद्याचं कोण सांगणार, म्हणाले, आणि पावसाने भात आडवं झाल्याचं बोलू लागले.

काल रात्री जेवताना आमच्या चिंतामणी भावोजींनी विचारलं, "वहिनी, मेहरूबाईंचं वलवणचं घर विकायचं झालं, तर आधी आपल्याला सांगतील ना?" माझे धाकटे दीर, दर ईदला तुझा शीरखुर्मा दोनदा मागून घेणारे. आवाजात राग नव्हता, द्वेष नव्हता. भात कालवत होते. माझ्या हातात तुपाची वाटी होती. मी त्यांना तूप वाढलं.

मेहरू, कुणी रागाने बोललं असतं तर मी भांडले असते. याला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही, आणि अजून सुचलेलं नाही. माझ्या शब्दावर तू राहशील, हे मी जाणते. पण माझ्याच स्वयंपाकघरात जो शब्द माझ्या तोंडून फुटला नाही, त्याच्या भरवशावर तुझी नात कशी ठेवून घेऊ? युसूफला निवड बदलायला सांगू नकोस. जा. हे लिहायलाच बसले होते.

कार्डं सोबत आहेत, नूरीला ईदच्या सकाळी दे. मुलांना मी काही सांगितलेलं नाही. मारुतीने जास्तीची पानं माझ्या कपाटात ठेवून घ्यायला लावली आहेत, नूरी आली की लावायला.

तुझीच,
अरु