जिभेच्या टोकावरचा बिननावाचा खडक

तीर्थरूप हेल्मेआत्यांस,

तुमच्या धाकट्या भावाच्या मुलीचा, इल्वेचा, वाकून नमस्कार. लेकीच्या बाळंतपणासाठी डोंगरात गेल्यापासून तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडे समुद्राचा आवाज नाही म्हणून तुम्हाला झोप येत नसेल, असं बाबा म्हणतात. (आई म्हणते, भांडायला ओळखीचं कोणी नाही म्हणून येत नसेल.) बाळाचं नाव ठेवलंत की कळवा. इथे मात्र एका नावापायीच माझ्या जिवाला घोर लागला आहे.

पंचांनी मला खाडीचा नकाशा काढायला सांगितला, हे बाबांनी कळवलं असेलच. यंदा पहिल्यांदाच परक्या मुलखातली मिठाची गलबतं आपल्याकडे येणार, आणि त्यांच्या तांडेलांना आपल्या पाण्याची काही माहिती नाही. मला तरी कुठली शाळा होती! तुमच्या चुलीपुढे राखेत किनारा काढायला शिकले, तेवढीच. (खाडीची जीभ जरा डावीकडे गेली की तुम्ही कान पिळायचात. अजूनही त्या वाळूच्या पट्ट्याजवळ आले की माझा हात आपोआप कानाकडे जातो.) तर खाडीचा जबडा, दोन्हीकडच्या दाढा, जीभ, पडजीभ, घसा, सगळं नीट काढून झालं. दाढांमधले खडकसुद्धा नावानिशी मांडले: भित्रा उझान, वऱ्हाडी पारेन, ओल्साची सासू. (ओल्सा म्हणतो, सासू होडीत नव्हतीच, तो नुसता तिच्याबद्दल बोलत होता. पण आपटला तेव्हा तोंडात तीच होती, आणि नाव पडलं ते पडलं.)

मग थोरल्या आणि धाकट्या चंद्राची ओहोटी एकाच दिवशी लागली, आणि जिभेच्या टोकाशी, अगदी गलबतांच्या वाटेवर, मला खडकाचं एक काळं टाळकं दिसलं. त्यावर एक खेकडा बसला होता आणि मीच उशिरा आल्यासारखा माझ्याकडे बघत होता. एरवी तिथे पाणीच पाणी. आपल्या रिकाम्या होड्या वरून निघून जातात, कोणाला पत्ता लागत नाही; पण मिठानं भरलेल्या गलबताचं पोट फाटलंच असतं. तडक तोव्रेआबांकडे गेले, कारण खडकांची नावं त्यांच्याकडे. ते म्हणाले की त्यावर कोणी आपटलेलं नाही, तेव्हा त्याला नाव नाही, आणि नाव नाही त्याला नकाशात जागा नाही. निदान एक ठिपका काढू द्या, असं मी विनवलं. तर त्यांनी विचारलं की वाटाड्यानं सुकाणूवाल्याला काय ओरडून सांगायचं, ठिपका आला, ठिपका? त्यांचं म्हणणं खरं होतं. (समोरच्याचं खरं असलं की मला भांडता येत नाही. हा गुण तुमच्याकडून आलेला नाही, असं आई म्हणते.)

तेव्हा मी ठरवलं की आपणच आपटायचं. आमची होडी बाबांनी डांबर लावायला उलटी घातलेली, म्हणून तुमची काढली. पण आत्या, आपटणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. मी इतकी जपून वल्हवते, की खडकच अंग चोरत असावा. डोळे मिटून गेले, तर ऐन वेळी उघडले. शेवटी पाठ फिरवून, मोठ्यानं गात गेले, तेव्हा कुठे टक् असं वाजलं. आनंदानं आबांकडे धावले.

त्यांनी एकच विचारलं. "होडी आपटली, की तू आपटवलीस?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं, पण तिथून पुढे येईना.

"आपटवली," मी म्हटलं.

"मग घरी जा."

(नियम बरोबरच आहे. मुद्दाम आपटलेलं धरलं, तर नाव मागे राहावं म्हणून प्रत्येक नवरदेव लग्नाआधी एकेक खडक गाठून येईल.)

मी घरी गेले नाही. त्यांच्या उंबऱ्यावर बसले, आणि रोज सकाळी येऊन बसत राहिले. बिरेनआजी मासळीची पाटी घेऊन मला ओलांडून जायच्या. अखेर त्याच नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, जाऊन या एकदा हिच्याबरोबर. नाहीतर इथेच शेवाळ धरेल ही."

आबा आले, तुमच्याच होडीत बसले. वल्ही माझ्या हाती देईनात, स्वतःच मारत होते. वाटभर मला समजावत होते की तिथे खडक असता तर त्यांच्या आजोबांना ठाऊक असता, आजोबांना नसता तर त्यांना स्वतःला असता, आणि हल्लीच्या मुली पाण्यात कासव दिसलं तरी... एवढ्यात होडी थांबली. फळीतून पाणी आत येऊ लागलं.

"आपण आपटलो नाही," आबा म्हणाले. "थांबलो."

"आबा, पाणी येतंय."

"थांबल्यावर येतं."

त्यांचीही पंचाईत मला कळत होती. ज्याच्या नावावर खडक, त्याला नावं ठेवण्याच्या गादीवर बसता येत नाही. मला त्यांची दया आली. पण दयेनं गलबत तरत नाही. मी पाणी उपसता उपसता सांगितलं की जे झालं त्याहून वेगळं मी लिहिणार नाही, आणि हा खडक वगळून नकाशा पंचांपुढे ठेवणार नाही. ते खाडीच्या घशापर्यंत टोपीनं पाणी उपसत राहिले. किनाऱ्याला लागल्यावर त्यांना एक जुना नियम आठवला: वल्हवणारा नाव लावून घेत नसेल, तर होडीच्या मालकाचं लागतं, मात्र मालकाची हरकत नसावी. (मी मासळी वाळवणाऱ्या म्हाताऱ्यांना एकेकीला वेगळं गाठून विचारलं. नियम खरा आहे.)

बाकी सर्व क्षेम. होडीची फळी बदलली. बाळाला गोड पापा.

तुमची,
इल्वे

ता. क. तर आत्या, तुमची हरकत नसावी. उभ्या आयुष्यात तुमच्या होडीला खडक शिवला नाही हे मला माहीत आहे, आणि ते तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं आहे हेही माहीत आहे. पण तुम्ही नाही म्हणालात तर खडक पुन्हा बिननावाचा होईल आणि माणसं बुडतील. तेव्हा सावकाश, नीट विचार करून हो म्हणा.

आणखी एक. हे पत्र घेऊन डोंगराकडे जाणारा माणूस यायच्या आधीच जबड्याबाहेर शिडं दिसली. नाइलाजानं नकाशात तुमच्या नावावर शाई चढवली. शेजारी बारीक अक्षरात 'संमती यायची आहे' असं लिहिलं आहे.

शेवटचं. पहिलं गलबत सुखरूप आत आलं. जिभेच्या टोकाशी वाटाड्या जीव तोडून ओरडला, "हेल्मे आली, हेल्मे! लांबून जा!" आणि एवढं मोठं धूड मुकाट्यानं बाजूला वळलं. किनाऱ्यावर उभे असलेले तुमचे दीर म्हणाले, हेच मी तीस वर्षं सांगतोय.