लंडन ते मुंबई, जानव्याच्या मापाने

३ मे १९५४, सोमवार. भोर.
हिर्डोशीच्या भागूबाईंचा आनंदराव दोन वर्षे विलायतेत शिकून विमानाने परत येतोय. तालुक्यातला पहिला उडता मनुष्य. संपादकांचे पत्र: विमानतळावरच मुलाखत घेतलीत, तर तुमचे नाव छापू. अकरा वर्षे ‘आमच्या भोरच्या बातमीदाराकडून’ एवढ्यावर भागवले. आता नाव. संकल्प: चूक करायची नाही.

५ मे.
शाळेच्या नकाशावर जानवे ताणून मोजले. लंडन-मुंबई साडेचार हजार मैल. हेडमास्तर हसले. यांना भूगोलाचा पगार मिळतो! ताशी अडीचशे मैल, म्हणजे अठरा तास. शिवाय वाटेत तेलपाणी.

८ मे, सकाळी.
भागूबाई तार वाचून घ्यायला आल्या. ‘गुरुवारी तेरा तारखेला सकाळी नऊला मुंबई.’ तार लंडनहून सुटली, तेव्हा घड्याळ लंडनचे. पंचांग शिकलेल्याला हे सांगावे लागत नाही. साडेपाच तास मिळवले. दुपारी अडीच.
दूध घालायला आलेला सावळा धनगर मध्येच बोलला. “शास्त्रीबुवा, इमान मुंबईत उतरनार, तर टाइम मुंबईचाच आसंल की. म्या हिर्डोशीतनं निगालो म्हून भोरचा बाजार हिर्डोशीच्या टायमाला भरतो व्हय?”
मेंढ्या मोजणाऱ्याने रेखांशात पडू नये.
भागूबाई: “ल्योक उपाशी आसंल, लवकर जावा.” मातृहृदय. गणित नाही.

१२ मे. पुणे, बहिणीकडे.
ST ने धूळ खात आलो. मेहुणे म्हणतात आज रात्रीच्याच गाडीने जा. आठ तास आधी पोहोचून विमानतळावर काय, संध्या करू?

१३ मे, दुपारी दीड. सांताक्रूझ.
एक तास आधीच हजर. हार, अकरा प्रश्न, पैकी तीन संस्कृतात. काउंटरवरचा म्हणतो, “नऊचं विमान नऊला आलं, आजोबा.”
आजोबा! मी सत्तेचाळीसचा. वैमानिक बेशिस्त आहेत. गणित बरोबर होते.

१५ मे. भोर.
हार वाळला. स्टँडवर सावळा भेटला. “परवा सांच्याला हितं आले की आनंदराव. म्या म्हनलं, लई लांबनं आलासा. तर म्हनले, लंडनहून मुंबईला एका दिसात आलो, आन् हिर्डोशीची गाडी दोन दिसांनी हाय म्हनं! मग काल सकाळी चालतच गेलो. प्येटी माज्या डोस्क्यावर. भागूबाई येशीपातुर आल्ती.”
रात्री सात पाने लिहिली. रेखांश, देशांतर, वैमानिकांची शिस्त. शेवटी, वाचकाला जरा हसू यावे म्हणून, सावळाचे हे स्टँडवरचे बोलणे घातले.

२० मे.
अंक आला. सात पाने गेली. सावळाच्या ओळी राहिल्या. ‘असे हिर्डोशीचे श्री. सावळा यांनी आमच्या भोरच्या बातमीदारास सांगितले.’
सावळाला वाचता येत नाही. “माजं नाव कुठं हाय, त्ये बोटानं दावा,” म्हणाला.
दाखवले. मग भागूबाई आल्या, तेव्हा पुन्हा दाखवले.