हसनाबादचा तेरावा फोटो

जुना जालना,
ता. २७ एप्रिल १९७४

ती. तातेराव दाजींना धाकटा मेहुणा कडूबा फोटोवाल्याचा सविनय जयभीम.

मालनअक्काच्या गुडघ्याला निर्गुडीच्या पाल्याचा शेक चालू असेलच, आणि परतूरच्या शाळेत तुमचे पेपर तपासून संपले असतील. इकडं सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल बिलकुल न्हाई. तेरा दिवस झाले, मला घास गोड लागून न्हाई राह्यला. घासात खोट आहे म्हणावं तर तेबी न्हाई, कारण कौसल्या रोज दोन भाज्या करून राह्यली, वरून तूप वाढून राह्यली, आणि कामं करताना गुणगुणून राह्यली. दाजी, तुमचा मेहुणा त्या तुपापायीच मरणार.

पहिल्यापासून सांगतो. कौसल्या लग्नाच्या आधीपासून गायन पार्टीत गाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत मी बारशी काढली, लग्नं काढली, सत्कार काढले, एका आडत्याच्या बैलाचासुद्धा फोटो काढला (बैल शांत उभा राह्यला, आडत्या हलला), पण गाणाऱ्या कौसल्याचा एक फोटो माझ्या हातून निघाला न्हाई. घरचंच माणूस, कवाबी काढू, असं म्हणत राह्यलो. जयंतीच्या आधी ती एकदाच बोलली, “साऱ्या जालन्याची थोबाडं भिंतीला लावली तुम्ही. मी मेल्यावर पोरींना काय दाखवणार, रेशनकार्ड?” लागलं, दाजी. काळजाला लागलं.

म्हणून हसनाबादच्या जयंतीला तिच्या पार्टीसोबत मीबी गेल्तो. तिथल्या कमिटीनं फोटोसाठी मलाच बोलावलं होतं, म्हणजे आयता मोका. अडचण एवढीच की रोलची टंचाई. औरंगाबादेहून कसाबसा एक मिळाल्ता. एका रोलात बारा फोटो. सहा कमिटीचे, सहा कौसल्याचे, असा माझा बराबर हिशोब. आता धंद्यातली एक लबाडी सांगतो, कुठं बोलू नका. फ्लॅशवर एक लहान बटन असतं. ते दाबलं की नुसता उजेड पडतो, फोटो निघत न्हाई. याला आम्ही खाली, म्हणजे रिकामा, फ्लॅश म्हणतो. जो तो ‘माझा काढा, माझा काढा’ करतो, त्याच्या तोंडावर एक खाली फ्लॅश मारायचा. तो खूश, रोल शाबूत. पेटीमास्तर देवानंद एक हात पेटीवर अन् एक आभाळात धरून बसला, त्याला दोन खाली फ्लॅश दिले. ढोलकीवाल्याला एक. कोरसवाल्यांना सगळ्यांत मिळून एक. कुणाची काही तक्रार न्हाई.

तेवढ्यात माझ्या नशिबानं शिवाजी उगवला. हा तिथल्या स्वयंसेवकांचा मुख्य. गळ्यात शिट्टी, दंडाला पट्टी, हातात त्याच्याहून उंच काठी, आणि स्टेजपुढं बांधलेली दोरी जणू त्याच्या बापजाद्यांची. या भल्या माणसाच्या स्वतःच्या लग्नात कुण्या फोटोवाल्यानं चाळीस वेळा उजेड पाडल्ता आणि हातावर तीन फोटो ठेवल्ते. तवापासून त्याचा फोटोवाल्याच्या जातीवर विश्वास न्हाई. तो माझ्या खांद्याशी येऊन उभा राह्यला आणि म्हणाला, “फोटोवाले, चावी फिरवा.” चावी फिरली की रोल पुढं सरकतो, म्हणजे फोटो खरा. ती अक्कल त्याला तीन फोटोंच्या बदल्यात आल्ती, आणि फळं मी भोगली.

मंग काय, एकेक खरा फोटो जाऊन राह्यला. प्रतिमेला हार घालताना अध्यक्ष. पुन्हा अध्यक्ष, कारण पहिल्यात हारानंच त्यांचं तोंड झाकलं. अध्यक्षांचा नातू (रडताना), अध्यक्षांचा नातू (पेढा दिल्यावर). स्वयंसेवकांची रांग, शिट्टी वाजली तसे दोघं रांग सोडून पळाले, म्हणून पुन्हा रांग. देवानंदला कळलं की मघाचे दोन पोकळ होते, तर तो गाणंच सुरू करीना, त्याचा एक. त्याचं झालं तर ढोलकीवाला रुसला, त्याचा एक. मंग कोरसवाले तिघं-तिघं करून उभे राह्यले, त्यांचे तीन. मी मनातल्या मनात रडून राह्यलो अन् तोंडानं ‘इकडं बघा’ म्हणून राह्यलो. अकरा गेले. एक राह्यला. हा एक मात्र मी जीव गेला तरी देणार नव्हतो.

कौसल्या गायला उठली. मी दोरीपाशी गेलो तर काठी आडवी. शिवाजी म्हणाला, “बाया गाताना दोरीच्या आत पुरुष न्हाई.” म्हटलं, बाबा, ती माझी बायको आहे. तो म्हणाला, “सगळे असंच म्हणतात.” आता बायको असल्याचा पुरावा माणूस खिशात घेऊन फिरतो का, दाजी? मी हातापाया पडलो. तिचं पहिलं कडवं संपत आल्तं. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, “माझा एकट्याचा न्हाई निघाला अजून.” काठी टेकवून, शिट्टी तोंडात धरून तो उभा राह्यला. मी काढला. त्यानं चावी फिरवून घेतली, दोरी वर केली आणि मला आत सोडलं.

आत मी बायकोपुढं पाच फुटांवर, आणि कॅमेऱ्यात काही न्हाई. तिनं मला बघितलं. पदर नीट केला, मान वर केली अन् असा सूर लावला की मांडवातली लेकरं गप्प झाली. मी काय करणार? खाली फ्लॅश मारला. दाजी, माझ्या स्वतःच्या बायकोला! एक मारला, तिचं तोंड फुललं, म्हणून अजून तीन मारले. मंग पळायला वळलो, तर शिवाजी म्हणाला, गाणं चालू असताना बाहेर जाता येत न्हाई. गाणं संपेपर्यंत मी तिथंच उभा. एवढा हलकट माणूस त्या मांडवात दुसरा नव्हता.

आता तिनं भिंतीला खिळा ठोकलाय, बाजारातून चौकट आणलीय, शेजारच्या सोनूबाईला सांगून ठेवलंय. रोज विचारते. मी म्हटलं, रोल धुवायला औरंगाबादला गेलाय. मंग धुणाऱ्याला ताप आणला. मंग त्याचा टायफॉइड केला. आता त्याला बरा करावा का मारावा, हे समजून न्हाई राह्यलं. तो माणूस जन्मालाच आलेला न्हाई, तरी कौसल्यानं काल त्याच्यासाठी मेथीचे लाडू बांधून ठेवले.

मालनअक्काला जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
कडूबा

ता.क. – पत्राचं खरं कारण हे. बुद्ध जयंतीला परतुरात पार्टीचा कार्यक्रम ठरवा. तुम्ही कमिटीत आहात, तुमचा शब्द चालतो. कौसल्याला तेच गाणं द्या. हसनाबादेत नेसलेलं हिरव्या काठाचं लुगडंच ती नेसेल असं अक्काकडून बघा, पण अक्काला कारण सांगू नका. तिच्या पोटात काही राहत न्हाई. मी नवीन रोल पैदा करतो, अन् निघेल तो फोटो हसनाबादचा म्हणून चौकटीत लावतो. स्वयंसेवक शक्यतो ठेवूच नका.

ता.क. दुसरा – मला पोस्टात जायचं त्राण न्हाई. पाकीट कौसल्यापाशी देऊन राह्यलोय. भ्यायचं कारण न्हाई, भरपूर डिंक लावलाय.

भाऊजींना कौसल्याचा जयभीम. डिंक ओला होता म्हणून वाचलं. मला हसनाबादेतच कळलं होतं. यांच्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघावं लागतं; खरा फोटो काढताना यांची मान डब्यात असते. त्या दिवशी गाणं संपेपर्यंत मान वर होती. अठरा वर्षांत यांनी माझं एक गाणं आखं ऐकलं न्हाई, ते त्या दिवशी ऐकलं, माझ्याकडं बघत. मला कळलंय हे यांना सांगू नका. यांचा औरंगाबादचा माणूस अजून थोडे दिवस आजारी राहू द्या. कार्यक्रम मात्र नक्की ठरवा, मी हिरव्या काठाचंच नेसून येते. फक्त आल्या आल्या यांचा कॅमेरा वन्संच्या पेटीत कुलपात टाका, अन् यांना पुढं बसवा.