चौथा हिस्सा

लाइन आळी, पनवेल
मंगळवार, १७ फेब्रुवारी १९९८

प्रिय दादा,

रविवारी फोनवर तू दोनदा विचारलंस, मिते, तुझा आवाज असा का येतोय, आणि मी एसटीडीच्या लायनीवर ढकललं. लाइन चांगली होती. आई शेजारीच उभी होती आणि तिच्यासमोर बोलणं शक्य नव्हतं, म्हणून हे लिहितेय. आज कॉम्प्युटर क्लासात दुपारची बॅच नाही. खरं तर गेला आठवडाभर दुपारची बॅचच नाही, तेही तुला सांगितलेलं नाही. पत्र एकटा असताना वाच. अनुष्काला इतक्यात दाखवू नकोस, पाचव्या महिन्यात तिच्या डोक्याला ताप नको.

आधी चांगलं ते सांगते. अक्षर ओळखून दगडादगडावरून ओढा ओलांडायच्या आपल्या कॉम्प्युटर खेळाचे चाळीस संच ठाण्याच्या एका शाळेने एकदम घेतले. तिथल्या बाईंनी कळवलंय की 'ळ' असलेल्या दगडावर मुलं हमखास घसरतात आणि मग वर्गभर हसतात. तू तो 'ळ' ठिपका ठिपका जोडून काढत होतास, तेव्हा आई म्हणाली होती की याच्यापेक्षा रांगोळी काढली असतीस तर दारात तरी दिसली असती. न्हावा शेवाच्या ऑफिसातून घरी आलास की चहासुद्धा न घेता त्या मशीनपुढे बसायचास.

पण तू महिनाभर जे मागतोयस, ते खेळाच्या फ्लॉपीचं नव्या छपाईचं पाकीट मी पाठवलेलं नाही. कधी पोस्टाचं कारण दिलं, कधी विसरले म्हणाले. पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. ते का पाठवलं नाही, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

तुला तो रविवार आठवतच असेल. खेळ मुलांना जमतो का बघायला तू वाडीवर शिकवणाऱ्या सुनिताबाईंना सांगून तिथली सहा पोरं क्लासात आणवली होतीस. बुधा आणि जिजाची चंद्री तेव्हा सात वर्षांची होती. तिला एकही अक्षर येत नव्हतं. पहिल्या तासाभरात तिची ती खेळातली मुलगी वीस वेळा ओढ्यात पडली, आणि संध्याकाळच्या आत पलीकडे पोचली. 'घ' आणि 'र' ओळखून. तू तिला विचारलंस, पुढच्या रविवारी येशील का. ती म्हणाली, "नाय. आमी भट्टीवर जानार." दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर, ते पार पाऊस पडेपर्यंत. कच्च्या विटा उन्हात उलटायचं काम पोरांचं. ती गेल्यावर तू पाकिटाच्या मजकुरात एक ओळ घातलीस: या खेळाच्या प्रत्येक विक्रीतला चौथा हिस्सा वीटभट्टीवरील कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहासाठी. वसतिगृह तेव्हा कुठे होतं? तुझी ओळ छापून आली आणि मग सुनिताबाईंनी वाडीवर दोन खोल्या मिळवल्या, स्वयंपाकाला बाई ठेवली. पहिल्या वर्षी अकरा मुलं मागे राहिली, दुसऱ्या वर्षी सव्वीस. आईबाप भट्टीवर आणि मुलं शाळेत. तू बंगलोरला गेलास तेव्हा मला एवढंच सांगून गेलास, की काही झालं तरी ती ओळ पाळायची.

नोव्हेंबरच्या शेवटी एक माणूस क्लासात आला. पांढरे कपडे, हातात चामड्याची छोटी बॅग, बोलणं मऊ. मला वाटलं मुलीच्या प्रवेशासाठी आलाय. त्याने खेळाचे तीन संच घेतले, पैसे दिले, पावतीही मागितली. मग पाकीट उलटं करून ती ओळ सावकाश मोठ्याने वाचली. त्याखालचा आपल्या घराचा पत्ताही वाचला, पिनकोडसकट. म्हणाला, "पुन्याचं काम हाय, बाय. पन पोरं वाडीवर राहिली की आयांचा जीव भट्टीवर लागत नाय. उचल घेतात आनि अर्ध्यातून पलतात. कामोठ्याच्या बिल्डिंगींना विटा कोन देनार?" जाताना त्याने चपला घालता घालता विचारलं, आई वरच्या मजल्यावरच असतात ना, गुडघे दुखतात ना त्यांचे. त्याचं नाव धर्मराज. बुधा आणि जिजा ज्या भट्टीवर जातात तिथला तो मुकादम. त्याने मला धमकी दिली नाही, दादा. कुणाला सांगायचं म्हटलं तर सांगण्यासारखं एक वाक्य नव्हतं. पण तो गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली.

त्यानंतर मी जे केलं ते आता सांगते. नवी पाकिटं छापायला जायची होती. प्रेसमध्ये मी ती ओळ काढायला लावली. आपला पत्ताही काढला, नुसता पोस्टाचा पेटी नंबर ठेवला. सुनिताबाईंना सांगितलं की विक्री मंदावली आहे, डिसेंबरचा हिस्सा द्यायला जमणार नाही. विक्री मंदावली नव्हती. मला वाटलं, एक महिना गप्प बसले की तो माणूस आपल्याला विसरेल, मग पुन्हा सुरू करू. सुनिताबाई म्हणाल्या, बरं, बघते मी काहीतरी. त्यांनी एक शब्द जास्त विचारला नाही, तेच मला जास्त लागलं.

त्यांनी पदरचं घालून पंधरा दिवस ढकलले. मग स्वयंपाकाची बाई गेली. चूल थांबल्यावर पोरांना ठेवणार कसं? आईबाप येऊन एकेकाला भट्टीवर घेऊन गेले. चंद्रीलाही.

जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला दुपारी तीनला मी मुलांना शिकवत होते. दारात जिजा उभी होती. तिच्या पाठीवर चंद्री, आणि चंद्रीच्या डाव्या पायाला लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. चार तास शेतांतून आणि खाडीच्या बांधावरून चालत आली होती ती. पनवेलात कुणाकडे जायचं हे तिला ठाऊक नव्हतं. क्लासाचा रस्ता चंद्रीने दाखवला. भट्टीच्या कडेची राख वरून निवलेली दिसते, आत विस्तव असतो. पोर विटा उचलताना त्यात घोट्यापर्यंत गेली. बुधाने तिला उचललं आणि दवाखान्यात निघाला, तर मुकादम म्हणाला, गाडी भरल्याबिगर कोनी हलायचं नाय. बुधा ऐकेना, तेव्हा दोघांनी त्याला काठीने मारलं. हात मोडला त्याचा. मग झोपडीत घालून बाहेर माणूस बसवला. जिजा पाण्याला जाते म्हणून निघाली ती पोरीला घेऊन इथेच आली.

आम्ही चंद्रीला दवाखान्यात नेलं. पाय वाचेल म्हणतात, दोन बोटांचं सांगता येत नाही. तिथे बाकावर बसल्या बसल्या जिजाने मला सहज विचारलं, "साळंतली चूल कशानं बंद झाली गं बाय?" तिला काहीच माहीत नव्हतं. मी उत्तर चार दिवसांनी दिलं. सगळं सांगितलं, मुकादम आला ते, मी ओळ काढली ते. मला वाटलं ती थुंकेल माझ्यावर. ती म्हणाली, "म्हंजे तू बी भ्यालीस." मग पोरीचं पांघरूण नीट करायला लागली. त्यानंतर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, आता काय करायचं.

आई तुला म्हणाली ना, घरात कामाला नवी बाई ठेवली आहे, मोठी गुणी आहे? ती कामवाली नाही. ती जिजा आहे. आपल्या मागच्या खोलीत ती आणि चंद्री राहतात. आळीत कुणी विचारलं तर आई हेच सांगते, आणि सांगता सांगता तिला तसंच बोलायची सवय लागली आहे. रस्त्याकडची खिडकी आम्ही बंदच ठेवतो.

बुधा अजून भट्टीवरच आहे. त्याच्या हाताला कुणी पट्टी बांधली की नाही, तेही कळायला मार्ग नाही.

वसतिगृह मी पुन्हा सुरू करून दिलं. डिसेंबरचा हिस्साही दिला, जानेवारीचाही. सुनिताबाईंना खरं सांगितलं. नऊ मुलं परत आली आहेत, बाकीची भट्टीवरच अडकली आहेत. मुलं परतली हे धर्मराजला कळलं, आणि तेव्हापासून क्लाससमोर एक जीप उभी राहते. कधी तासभर, कधी अख्खी दुपार. आतला माणूस काही करत नाही, वर्तमानपत्र वाचतो. क्लासाची पाटी वाऱ्याने पडली असं मी तुला सांगितलं होतं, ती वाऱ्याने पडली नाही. फोन वाजतो, उचलला की पलीकडून ट्रकचा आवाज येतो, बोलत कुणी नाही. दुपारच्या बॅचच्या मुलींना त्यांच्या घरच्यांनी थांबवलं, आणि मी त्यांना दोष देत नाही. प्रिंटर सुरू केला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, म्हणून मी प्रिंटर लावायचं सोडून दिलं. पावत्या हाताने लिहिते. भाजीवालीने मला सांगितलं, की मंडईत एक माणूस आईजवळ येऊन म्हणाला, पोरीला सांभाळा, आजी. आईने हे मला सांगितलेलं नाही. मी जीपचं तिला सांगत नाही. एका ताटावर बसून आम्ही दोघी एकमेकींपासून तेच लपवतो.

बुधाला डांबून ठेवलंय म्हणून सुनिताबाईंनी तहसील कचेरीत अर्ज दिला. तिथले साहेब वाईट नाहीत. त्यांनी मुकादमाला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, अडवलेलं कुणी नाही, बुधा आपल्या खुशीने राहिलाय, पोर आपल्या चुकीने भाजली. साहेब सुनिताबाईंना म्हणाले, एकट्या बाईच्या तोंडच्या शब्दावर मी भट्टीवर पोलीस कसा नेऊ, शहरातलं कुणी लेखी द्यायला तयार आहे का, की हा माणूस मुलं मागे ठेवू नका असं सांगायला आला होता? हे मला सांगताना सुनिताबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. मुद्दामच बघितलं नसावं. मी म्हटलं, माझ्याकडे तो आला होता. त्याने घेतलेल्या संचांच्या पावतीची प्रत माझ्याकडे आहे, तारखेसकट.

म्हणून येत्या गुरुवारी नव्हे, त्याच्या पुढच्या, सव्वीस तारखेला अकरा वाजता मी आणि जिजा जबाब द्यायला जाणार आहोत. जबाब झाला की तिथूनच साहेब पोलीस घेऊन भट्टीवर जातील आणि ओळख पटवायला आम्हाला दोघींना बरोबर जावं लागेल. धर्मराज समोर असेल. तिथून पुढे काय, ते मला माहीत नाही. साहेबांची बदली झाली तर काय, तो चार दिवसांत सुटून आला तर काय, हे सगळं मी रोज मनात घोळवते. जिजालाही भीती वाटते. काल तिने मला विचारलं, नाय गेलो तर चालंल का गं. मी म्हटलं, चालेल. मग आम्ही दोघी बराच वेळ तांदूळ निवडत बसलो, आणि ती म्हणाली, जाऊ.

नव्या पाकिटांवर ओळ परत छापून घेतली आहे. पत्ताही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. आईला मी सांगून बघितलं, थोडे दिवस दादाकडे जाऊन ये. ती म्हणाली, बाळंतपणाला जायचं ठरलंय ना, आणि मी गेले तर चंद्रीचा पाय कोण धुणार. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल. येत्या रविवारी फोन करशील तेव्हा तिला सांग की अनुष्काला डॉक्टरांनी अंथरुणावरून उठू नको म्हटलंय आणि घरात कुणी बाईमाणूस नाही. खोटं आहे, मला कळतं. महिनाभर मी तुझ्याशी खोटं बोलले, आता एकदा तू आईशी बोल. अनुष्काला आधी विश्वासात घे, म्हणजे तीही फोनवर तसंच बोलेल. चंद्रीचा पाय मी धुईन, मला जिजाने शिकवलंय. मंगळवारी चोवीस तारखेची गाडी आहे, म्हणजे गुरुवारी ती तुझ्या घरी असेल. तिचं जाणं झाल्याशिवाय मी कचेरीची पायरी चढणार नाही, आणि तारीख पुढे गेली तर बुधा तिथेच राहील, म्हणून हे पत्र हातात पडताच ठरव. तू मला म्हणशील की तूही निघून ये, आणि फोनवर रागावशील. रागाव. पण आईसमोर नको. तिकीट मी कालच काढून आणलंय. एकच काढलंय.

तुझीच,
मिताली