राणीच्या वाटचा नमस्कार

मेंढेवाडी, ता. माण
१२ जानेवारी २०२५

ती. सुलाआत्यास,
राणीचा कृ. सा. न. वि. वि.

आधी एवढं वाच, की मी धडधाकट आहे. बाकीचं खाली बसून वाच. काल एकटीनं विमान उतरवताना मी ते भोवऱ्यासारखं फिरवलं!

आपल्या माळावरच्या धावपट्टीवर मी शिकते ते शेपटीखाली बारकं चाक असलेलं विमान तू फोटोत पाहिलंस ना, तेच. हवेत अगदी गुणी, पण जमिनीला लागलं की द्वाड. शेपूट सारखी पुढं यायला बघते. पायांनी पॅडल दाबत शेवटपर्यंत सरळ धरावं लागतं. बाबा म्हणतात, ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना लक्ष गेलं की आडवी येते, तसलाच प्रकार.

चाकं छान टेकली. मी खूश. तेवढ्यात उजवीकडं बिरोबाचं देऊळ आलं. आत्या, एसटीत, जीपमध्ये, स्कूटीवर आपण काय करतो? हात छातीला, मग कपाळाला. तेच झालं. सुकाणूच्या दांड्यावरचा हात सुटला, मान वळली, पाय ढिला पडला आणि शेपूट गर्रकन पुढं आली. धूळ बसली तेव्हा पंखाचं टोक घासलेलं आणि मी उलट्या तोंडानं थेट देवासमोर! मला शिकवणारे कॅप्टन वीरधवल सर घाबरून धावत आले, तर मी आत खिदळतेय.

ते हसले नाहीत. म्हणाले, दुरुस्ती होईतो विचार कर, उतरताना पुन्हा हात सुटला तर मी शिकवणार नाही. आई म्हणते, देवानंच तुझं तोंड वळवून घेतलं, त्याला न नमता पुढून जाणार असशील तर विमानात बसायचं नाही. बाबा दोघांनाही व्हय व्हय म्हणतात. मला उडायचंच आहे गं. काहीतरी सुचव.

तुझ्या उत्तरावर आणि मायेवर हक्क सांगणारी,
राणी

विश्रामबाग, सांगली
१८ जानेवारी २०२५

चि. राणीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

बस म्हणालीस तरी तुझं पत्र मी गॅसपाशी उभ्यानं वाचलं. दूध उतू गेलं. मग देवासमोर हजर झालेलं ते विमान डोळ्यांपुढं आलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारच्या रंगुबाई काळजीनं डोकावून गेल्या.

मोबाइलच्या दिवसांत तू मला पत्रं लिहितेस, याचं सुख काय सांगू! कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात दर रविवारी सिस्टर आम्हाला ओळीनं बसवून घरी पत्र लिहायला लावत. तुझ्या आजोबांना वाचता येत नसे. ते माझं पत्र फेट्यात खोवून मेंढरांमागं जात आणि वाटेत शाळामास्तर भेटले की वाचून घेत.

त्याच हॉस्टेलातली एक युक्ती तुला देते. सकाळच्या हजेरीला कुणी न्हाणीत अडकलं, की तिच्या वाटचं ‘प्रेझेंट, सिस्टर’ दुसरी म्हणे, आवाज बदलून. सिस्टर सगळं ओळखत आणि गालातल्या गालात हसून पुढचं नाव घेत. आपला बिरोबा काही सिस्टरपेक्षा कडक नसेल. तुझे हात कामात असतील तेव्हा तुझ्या वाटचा नमस्कार तुझ्या आईनं, हरणावहिनीनं देवळाच्या पायरीवरून करावा. हे तिला वाचून दाखव. हजेरीचं गाळून.

तू मात्र विमान पुरतं थांबेपर्यंत हात सोडायचा नाहीस. नंतर खुशाल लोटांगण घाल. आणि तुझ्या बाबाला, आपल्या तान्याला विचार, जन्मभर दोघांनाही व्हयच म्हणणार का?

माझी माया सोबत धाडते, उतरताना सांडू नकोस.
तुझी सुलाआत्या

मेंढेवाडी
९ फेब्रुवारी २०२५

ती. सुलाक्कास,
तानाजीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

पलटणीत गाड्या चालवल्या, कागद दुसऱ्यांनी लिवलं. पर राणी म्हणली, आजचं पत्र बाबांनीच लिवायचं.

तुझी युक्ती दोन्ही पार्ट्यांनी मानली. हरणा सकाळीच न्हाऊन, नवं लुगडं नेसून, भंडाऱ्याची वाटी घिऊन पायरीवर हुबी. मी म्हणलं, आगं, इमान दुपारला यायचंय. म्हणली, तुमी गप बसा, माझी ड्युटी हाय.

कॅप्टन पट्टीच्या कडंला हाताची घडी घालून. मी दोघांच्या मधी, नेहमीसारखा.

इमान आलं. टेकलं. शेपूट जरा हाललं. पर पोरीनं पायानं सरळ केलं. देऊळ आलं, मागं गेलं. पोरीची मान हालली न्हाई, का हात सुटला न्हाई. लय झ्याक थांबली, आक्का! कॅप्टननं घडी सोडून टाळ्या वाजवल्या आन् उद्या सकाळी परत ये म्हणलं.

मी पायरीकडं वळलो, तर हरणा देवाकडं पाठ करून हुबी. तोंड इमानाकडं, हात जोडल्यालं, डोळ्याला धार, भंडारा सगळा पायावर सांडल्याला. मी म्हणलं, आगं बाई, देव मागं हाय!

ती म्हणली, ठावं हाय. त्यो बी तिकडंच बघतुया.

पुढच्या बारीला ये. पायरीवर तुझी जागा धरून ठेवतो. हाय तशी माया ऱ्हाऊ दे.

तुझा तान्या